डिटेन्शन सेंटरमधल्यांसाठी फुकट लढणारे वकील, आणि आपल्याला काय करता येईल

निंबोणी:
बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच. मी वकील नाही. अमेरिकेत आयटीत नोकरी करते आणि शनिवारी वकिलांच्या एका गटासाठी हिंदी-गुजराती दुभाष्याचं काम करते. हे वकील इमिग्रेशन डिटेन्शनमध्ये, म्हणजे देशात राहायच्या परवानगीवरून सरकारने कोंडून ठेवतात त्या सेंटरमध्ये, अडकलेल्या लोकांच्या केसेस एक पैसा न घेता लढतात. त्यातले निम्मे तर एरवी भलत्याच क्षेत्रातले आहेत, कुणी कॉर्पोरेट करार बघतं, कुणी पेटंट, सुट्टीच्या दिवशी मात्र दोन-तीन तास गाडी चालवून सेंटरला जातात.

मला आधी वाटायचं की वकील नसला तर कोर्ट देत असेल, सिनेमात दाखवतात ना, पोलिस अटक करताना म्हणतात तुला परवडत नसेल तर वकील दिला जाईल. तसं इथे नाहीये! ते फक्त फौजदारी खटल्यात, १९६३ च्या गिडियन विरुद्ध वेनराइट निकालापासून. इमिग्रेशनचा खटला दिवाणी धरतात, त्यामुळे कायद्यात लिहिलंय की वकील ठेवायचा हक्क आहे पण सरकारला खर्च न पडता. म्हणजे पैसे असतील तर ठेवा, नसतील तर स्वतः उभे राहा. समोर सरकारी वकील असतोच, दर वेळी. आणि ज्याला इंग्रजी येत नाही, जो बंद दाराआड आहे, ज्याचा फोन काढून घेतलाय, त्याने स्वतःचे पुरावे स्वतः गोळा करायचे.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. उत्तर भारतातला विशीतला मुलगा. पहिल्या भेटीत काचेपलीकडून एकच सांगत होता, "काम करने आया हूं." एजंटने पढवलेलं असावं, नाहीतर घाबरून. ते उत्तर तसंच अधिकाऱ्यासमोर गेलं असतं तर केस तिथेच संपली असती, कारण आसऱ्यासाठी, म्हणजे असायलमसाठी, छळाची भीती लागते आणि तीसुद्धा पाचांपैकी एका कारणावरून हवी: वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट. गरिबी त्यात बसत नाही. तिसऱ्या भेटीत आमच्या वकीलबाईंनी सगळे कागद बाजूला ठेवले आणि विचारलं, घर सोडलंस त्या आठवड्यात काय काय झालं, सोमवारपासून सांग. मग निघालं. दुसऱ्या जातीतल्या मुलीशी लग्न, तिच्या घरच्यांनी केलेली मारहाण, पोलिसांनी तक्रारच न घेणं. मी भाषांतर करताना दोनदा थांबले, आवाजच फुटेना. त्या मुलाने काहीही लपवलं नव्हतं, यातलं कशाला महत्त्व आहे हेच त्याला माहीत नव्हतं. वकिलाचा उपयोग काय असं कुणी विचारलं की मला तो सोमवार आठवतो.

कुणी असं काम केलं असेल तर लिहा. आणि करायचं असेल तर विचारा, मला माहीत आहे तेवढं सांगेन.

ओलीमाती:
वाचून सुन्न झाले. दुभाष्याला कोर्स वगैरे लागतो का गं?

सरळरेष:
ताई, भावना समजू शकतो पण मला पटत नाही. मी एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलो, ग्रीन कार्डच्या रांगेत आहे, दर वेळी वकिलाची फी भरतो, तारखा सांभाळतो, आणि जे सीमा ओलांडून येतात त्यांना सगळं फुकट? शेवटी हा पैसा आमच्या करातूनच जातो ना. राग नाही, पण आमच्यासारख्यांचं कुणीच बोलत नाही.

निंबोणी:
@सरळरेष, तुमची रांग खरीच जीवघेणी आहे, त्याबद्दल वादच नाही. पण हे वकील सरकारी पैशाने येत नाहीत, वर लिहिलं तेच, कायदाच म्हणतो सरकारला खर्च न पडता. ते स्वतःचा वेळ देतात. अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या आदर्श नियमांत वकिलाने वर्षाला ५० तास फुकट सेवेचा प्रयत्न करावा असं आहे, बरेच जण ते तास इथे घालतात. आणि आत फक्त सीमा ओलांडून आलेलेच नसतात हो. व्हिसा संपलेले, जुन्या एखाद्या गुन्ह्यावरून उचललेले ग्रीन कार्डवाले, विमानतळावर उतरल्या उतरल्या आसरा मागितलेले, सगळे एकाच बराकीत.

रानवारा:
इमिग्रेशन वकील आहे, त्यामुळे थोडी भर घालतो.

सरळरेष, तुमचा मुद्दा नेहमी ऐकतो म्हणून नीट उत्तर देतो. एप्रिल २०२५ आठवा, हजारो परदेशी विद्यार्थ्यांची सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंद अचानक रद्द झाली, त्यात आपली भारतीय मुलं भरपूर होती, कुणाचं जुनं ट्रॅफिकचं प्रकरण, कुणावरचा आरोप केव्हाचाच मागे घेतलेला. ही मुलं रांगेतूनच आली होती. देशभर वकील फेडरल कोर्टात गेले, न्यायाधीशांनी मनाई हुकूम दिले आणि महिना संपायच्या आत सरकारने नोंदी परत चालू करतो म्हणून सांगितलं. कायद्याने वागलेल्या माणसालाही वकील लागतो, आणि तो नेमका हातात पैसे नसताना लागतो.

आता आकडे. २०१५ मध्ये इन्ग्रिड ईगली आणि स्टीव्हन शेफर या संशोधकांचा अभ्यास आला, २००७ ते २०१२ मधल्या बारा लाखांहून जास्त केसेस त्यांनी बघितल्या. सगळे मिळून ३७ टक्के लोकांना वकील होता, डिटेन्शनमधल्यांत फक्त १४ टक्क्यांना. आणि फुकट वकील एकूण २ टक्क्यांना. म्हणजे आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ते इतके थोडे आहेत.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कचं. तिथे २०१३ पासून शहराच्या पैशातून डिटेन्शनमधल्या गरीब माणसाला वकील मिळतो. व्हेरा इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेने मूल्यमापन केलं, आधी वकिलाशिवायच्या केसेस जिंकायचं प्रमाण ४ टक्के होतं, या योजनेत ते ४८ टक्क्यांपर्यंत जाईल असा त्यांचा अंदाज निघाला. कायदा तोच, कोर्टही तेच.

अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. इमिग्रेशन कोर्ट हे न्यायपालिकेचा भाग नाही. ते न्याय खात्याच्या, म्हणजे अॅटर्नी जनरलच्या हाताखाली आहे, न्यायाधीश त्या खात्याचे नोकर. माझ्या मते माणसाच्या बाजूने कुणीतरी उभं असण्याची गरज त्यामुळे अजून वाढते.

शेवंती:
मी भारतात वकिली करते. इथे संविधानाच्या कलम ३९अ मध्ये मोफत विधी सहाय्य आहे आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. प्रत्यक्षात किती मिळतो तो वेगळा विषय, माझ्या डोळ्यासमोर फार वाईट उदाहरणं आहेत. पण निदान कागदावर हक्क आहे. तिथे लहान मुलांनाही नाही का मिळत? मुलांचं काय करतात?

रानवारा:
@शेवंती, मुलांनाही सरसकट हक्क नाही. २०१६ मध्ये एका इमिग्रेशन न्यायाधीशाची आधीच्या वर्षी दिलेली साक्ष बाहेर आली, त्यात त्याने सांगितलं होतं की तीन-चार वर्षांच्या मुलांनाही त्याने इमिग्रेशन कायदा शिकवलाय, वेळ लागतो पण त्यांना समजतं. यावर देशभर संताप झाला होता. एकट्या आलेल्या मुलांसाठी २००८ च्या कायद्याने शक्य तितके वकील मिळवून द्या असं सांगितलंय, त्यातून काही संस्थांना निधी मिळायचा. मार्च २०२५ मध्ये सरकारने ते कंत्राट थांबवलं तेव्हा सुमारे २६,००० मुलांचे वकील त्यावर अवलंबून होते, मग ते प्रकरण कोर्टात गेलं. गंभीर मानसिक आजार असलेल्यांना मात्र कॅलिफोर्निया, अॅरिझोना आणि वॉशिंग्टन या तीन राज्यांत २०१३ च्या फ्रँको निकालाने वकील मिळायला लागला. तेही खटला लढून मिळवलेलं आहे, कुणी आपणहून दिलेलं नाही.

उंबरठा:
मी वकील नाही, पण जानेवारी २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळाच्या टर्मिनल ४ वर होतो. नातेवाइकांना घ्यायला गेलेलो. सात देशांच्या लोकांना अमेरिकेत प्रवेशबंदी करणारा हुकूम २७ तारखेला निघाला आणि विमानं तर हवेतच होती. उतरणाऱ्यांना आत अडवून ठेवत होते, बाहेर घरचे लोक हवालदिल. आणि तिथे एका खाण्याच्या दुकानाच्या टेबलांवर, जमिनीवर, भिंतीला टेकून, जिथे जागा मिळेल तिथे वकील लॅपटॉप उघडून बसलेले, हातात कागदी पाट्या, कुणाचा माणूस आत आहे का विचारत फिरत होते, अरबी येतं का फारसी येतं का म्हणून ओरडत होते. अमेरिकन सैन्यासाठी काम केलेल्या एका इराकी दुभाष्याला अडवलं होतं, त्याच्या वतीने याचिका गेली आणि २८ च्या रात्री ब्रुकलिनच्या फेडरल न्यायाधीश अॅन डॉनेली यांनी स्थगिती दिली. बातमी आली तेव्हा लोक रडत होते. मी त्या दिवशी फक्त फोन चार्जर आणि कॉफी आणून दिली. पण त्या गर्दीत भाषा येणारा माणूस सोन्यासारखा होता हे डोळ्यांनी पाहिलं, म्हणून निंबोणीताईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

निंबोणी:
@उंबरठा, वाचताना काटा आला. भाषेवरून शेरिडनचं सांगायलाच हवं. २०१८ च्या उन्हाळ्यात ओरेगनमधल्या शेरिडनच्या फेडरल तुरुंगात १२३ जणांना आणून ठेवलं, त्यातले पन्नासच्या वर भारतीय, बरेचसे पंजाबी शीख. तुरुंग गुन्हेगारांचा आणि हे आसरा मागायला आलेले! वकिलांना आत भेटू देत नव्हते, मग खटला भरावा लागला आणि न्यायाधीशांनी वकिलांना आत सोडा म्हणून आदेश दिला. इनोव्हेशन लॉ लॅब नावाच्या संस्थेने स्वयंसेवक वकिलांची फळी उभी केली, आणि पंजाबी बोलणारे स्थानिक लोक दुभाषे म्हणून पुढे आले. ऑगस्टपासून एकेक जण बाहेर पडायला लागला. हे वाचूनच मी पहिला ईमेल लिहिला होता, कुठे मदत लागते का म्हणून.

@ओलीमाती, कोर्टात सरकारचा दुभाषी असतो, तिथे आपण नाही. आपण वकील आणि अशिलाच्या भेटीत. संस्था स्वतः दोन-तीन तासांचं प्रशिक्षण देतात. नियम थोडे पण कडक असतात. समोरचा "मला मारलं" म्हणाला तर तुम्हीही "मला मारलं" असंच म्हणायचं, "तो म्हणतोय की त्याला मारलं" नाही. सारांश करायचा नाही, शिवी दिली तर शिवीचंच भाषांतर. आपल्या मनाने सल्ला द्यायचा नाही, हे सगळ्यात अवघड जातं कारण ते आपल्याला दीदी म्हणतात आणि विचारतात, दीदी तू सांग मी काय करू. आणि बाहेर अवाक्षर काढायचं नाही.

जाता येत नसेल तर घरून भाषांतर. कोर्टात लावायचा प्रत्येक परभाषेतला कागद इंग्रजीत लागतो, सोबत भाषांतर करणाऱ्याचं सही केलेलं प्रमाणपत्र की मला दोन्ही भाषा येतात आणि हे अचूक आहे. त्यासाठी कुठली पदवी लागत नाही. एफआयआर, दवाखान्याचे कागद, आईचं पत्र, सरपंचाचा दाखला. मोडी किंवा जुनं सरकारी मराठी वाचू शकणारे तर दुर्मिळच.

काजवा:
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितोय, धागा शोधत शोधत सापडला. माझा मामेभाऊ शिकायला आला होता, मधे फी भरता आली नाही म्हणून कॉलेज सुटलं, नंतर स्टेटस, म्हणजे इथे राहायची परवानगी, गेलं. पाच दिवसांपूर्वी कामावरून नेला. एकदा फोन आला तर नुसता रडत होता आणि कट झाला. आता कुठे आहे तेच कळत नाही, एका ठिकाणी फोन केला तर म्हणाले इथून हलवला. मामा-मामी गावाला आहेत, मामीला अजून सांगितलेलंच नाही. आमच्याकडे वकिलाचे पैसे नाहीत, एकाने पाच हजार डॉलर आधी मागितले आणि तो वकील आहे की नाही तेही नक्की कळेना. काय करू?

रानवारा:
@काजवा, आधी शांतपणे हे वाच.

आयसीई, म्हणजे पकडून डिटेन्शनमध्ये ठेवणारी सरकारी यंत्रणा, तिचं ऑनलाइन डिटेनी लोकेटर आहे, आत कोण कुठे आहे ते त्यावर शोधता येतं. ए-नंबर (इमिग्रेशन खातं माणसाला देतं तो नंबर) असेल तर तो आणि जन्मदेश टाक, नंबर नऊ आकडी लागतो, कमी असेल तर पुढे शून्य लाव. नंबर नसेल तर नाव, जन्मदेश, जन्मतारीख. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसं, आणि नाही सापडलं तर नाव-आडनाव उलट करून, स्पेलिंग बदलून बघ, आपल्या नावांचा तिथे फार घोळ होतो. हलवाहलवी चालू असताना दिसत नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ बघत राहा. लुइझियाना, टेक्सास इकडे नेतात पुष्कळदा, आणि ती सेंटर्स मोठ्या शहरांपासून लांब आहेत, जॉर्जियातलं लम्पकिन घे किंवा लुइझियानातलं जीना. फुकट वकील मिळायला अवघड जातं त्याचं अर्धं कारण हे अंतर.

त्याला फोन आला की पहिलं वाक्य हे सांग: वकिलाशी बोलल्याशिवाय कशावर सही करू नकोस. स्वतःहून परत जातो किंवा सुनावणी नको असे कागद पुढे करतात. घाबरून सही केली की मागे फिरणं फार कठीण.

पाच हजारवाल्याला एक रुपयाही देऊ नकोस. वकील असेल तर राज्याच्या बारच्या, म्हणजे वकिलांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, वेबसाइटवर नाव आणि नंबर सापडतोच. नोटरी म्हणवणारे किंवा कन्सल्टंट म्हणवणारे खूप लुबाडतात. वकील नसून कायदेशीरपणे केस चालवू शकणारे फक्त न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी, आणि ते मान्यताप्राप्त संस्थेतच असतात. प्रत्येक इमिग्रेशन कोर्टाची मोफत वा स्वस्त सेवा देणाऱ्यांची यादी न्याय खातं छापतं, ती काढ, सगळ्यांना फोन कर. कुणी नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नकोस, ते बुडालेले आहेत कामात. जवळच्या लॉ कॉलेजचं इमिग्रेशन क्लिनिकही बघ, तिथे विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली केस घेतात आणि माझ्या अनुभवात त्यांच्याइतकी तयारी कुणी करत नाही.

तो विमानाने व्हिसावर आला होता ना? आणि काही गुन्हा?

काजवा:
हो सर, एफ-वनवर, विद्यार्थी व्हिसावर. गुन्हा काही नाही, एक स्पीडिंग तिकीट. त्याला लहानपणापासून फिट्स येतात, गोळ्या रोज लागतात, त्याचीच जास्त काळजी आहे.

रानवारा:
मग जामिनाची वाट उघडी आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सने, म्हणजे इमिग्रेशन कोर्टांवरच्या अपील मंडळाने, यहूरे हुर्तादोच्या प्रकरणात ठरवलं की तपासणीशिवाय सीमा ओलांडून आलेल्यांना इमिग्रेशन न्यायाधीश जामीन देऊच शकत नाहीत. त्या लोकांसाठी वकिलांना आता फेडरल कोर्टात हेबियस कॉर्पस, म्हणजे कोठडीच बेकायदा आहे अशी याचिका, टाकावी लागते, बऱ्याच फेडरल न्यायाधीशांनी बोर्डाचं म्हणणं मानलं नाही, पण माणूस कुठल्या राज्यात ठेवलाय त्यावर पुष्कळ ठरतं. तुझा भाऊ तपासणी होऊन आत आलाय, त्यामुळे तो त्यात येत नाही. जामीन कमीत कमी १,५०० डॉलर, प्रत्यक्षात बराच जास्त लागू शकतो आणि बहुतेकदा पूर्ण रक्कम एकदम. न्यायाधीश दोन गोष्टी बघतो, हा पळून जाईल का आणि याच्यापासून कुणाला धोका आहे का. म्हणून राहण्याचा पत्ता, ठेवून घेणाऱ्या माणसाचं पत्र, कॉलेजचे कागद, टॅक्स भरल्याचे कागद, ओळखीच्यांची पत्रं आजपासून जमव. गोळ्यांचं सेंटरला लेखी कळव, डॉक्टरांच्या कागदासकट, आणि पाठवल्याची तारीख लिहून ठेव.

ओलीमाती:
काजवा, कुठल्या भागात आहेस? माझ्या नवऱ्याच्या ओळखीने एका क्लिनिकचा पत्ता मिळू शकेल, मेसेज केलाय बघ.

सरळरेष:
@काजवा, मी वरती जे लिहिलं ते तुझ्या भावासारख्यांना डोळ्यासमोर ठेवून नव्हतं. माझं मत सगळं बदललंय असं म्हणणार नाही, सीमेबद्दल माझे प्रश्न आहेत तसेच आहेत. पण कुणी बाजूला उभं नसताना माणसाची केस चालावी हे मलाही बरोबर वाटत नाही. पत्ता आणि प्रायोजक म्हणून माणूस लागला तर सांग. शिवाय कागद स्कॅन करणं, याद्या काढून फोन करणं हे मी संध्याकाळी करू शकतो.

शेवंती:
गावाकडून काही दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, शाळेचा कागद हवा असेल तर तालुका सांग. मी किंवा माझा ज्युनिअर जाऊन आणू.

निंबोणी:
सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या काळात कुणी विचारलं की हे वकील एवढं करतात तर हरले की काय होतं. हरतात, बऱ्याचदा. गेल्या हिवाळ्यात आमच्या वकीलबाई एका माणसाची केस हरल्या, आठ महिने काम केलेली. निकालानंतर त्या त्याला भेटायला परत गेल्या, आता केसचं काहीच काम नव्हतं तरी. मी सोबत होते. त्याला निकाल ओळ न् ओळ समजावून सांगितला, अपील कसं आणि किती दिवसांत करायचं ते सांगितलं, आणि तो म्हणाला इतके महिने मला काय चाललंय ते माहीत होतं, बाकीच्यांना तेही नसतं. परत येताना आम्ही दोघी गाडीत काहीच बोललो नाही.

आणि यात भर म्हणजे, आतल्या लोकांना गटाने त्यांचे हक्क समजावून सांगणारा लीगल ओरिएंटेशन कार्यक्रम २००३ पासून चालू होता, २०२५ मध्ये सरकारने त्याचा निधी बंद केला. केस घेणं तर पुढची गोष्ट, हातातल्या फॉर्मचा अर्थ सांगणारं माणूसही कमी झालं. म्हणून म्हणतेय, भाषा येत असेल तर या.

काजवा:
अपडेट देतो. भाऊ लोकेटरवर दिसला, आडनाव आधी टाकल्यावर. टेक्सासमध्ये आहे. ओलीमातीताईंनी दिलेल्या क्लिनिकने टेक्सासमधल्या संस्थेशी जोडून दिलं आणि काल एका वकिलाने व्हिडिओवर त्याच्याशी तासभर बोलून केस घेतली. हा माझा अशील असं कळवणारे दोन फॉर्म, आयसीईसाठी जी-२८ आणि कोर्टासाठी ई-२८, दाखल झाले, एक पैसा मागितला नाही. जामिनाची सुनावणी पुढच्या गुरुवारी. गोळ्यांसाठी वकिलाने स्वतः फोन केला, परवापासून मिळतायत. भाऊ रात्री फोनवर पहिल्यांदा नीट बोलला, म्हणाला त्यांनी माझं नाव बरोबर उच्चारलं. मामीला आज सांगितलं.

वकील म्हणतात फिट्सचे जुने कागद हवेत, ते सगळे मराठीत आहेत, हाताने लिहिलेले.

निंबोणी:
फोटो काढून आत्ता पाठव, सरळ वरून, उजेडात, कागदाचे चारही कोपरे दिसू देत. डॉक्टरांचा शिक्का आणि तारीख वाचता आली पाहिजे. मी आज रात्री भाषांतर करते, सकाळपर्यंत प्रमाणपत्रासकट वकिलांकडे जाईल. अक्षर लागलं नाही तर शेवंतीताई, तुम्हाला फोन करू का? तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा.

शेवंती:
कधीही कर. जागी आहे.